परक्यांनी रंगवलेला वारली

मे १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमध्ये एक मोठं कलाप्रदर्शन सुरू झालं. त्याचं नाव 'मॅजिसियाँ द ला तेर', म्हणजे पृथ्वीवरचे जादूगार. शंभरेक कलावंत होते, निम्मे युरोप-अमेरिकेतले आणि निम्मे बाकीच्या जगातले. या दुसऱ्या निम्म्यांत वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे हे नाव होतं. मुक्काम गंजाड, तालुका डहाणू.

प्रदर्शनाचे आयोजक झाँ-युबेर मार्तां यांचा हेतू उदार होता. युरोपातल्या संग्रहालयांनी आफ्रिका-आशियातून आणलेल्या वस्तूंखाली पिढ्यान्‌पिढ्या फक्त जमातीचं नाव लिहिलं होतं. वस्तू घडवणारा माणूस कोण, हे विचारण्याची त्यांना गरज वाटली नव्हती. इथे निदान म्हसे यांचं नाव त्यांच्या चित्राजवळ होतं. तरीही प्रदर्शनावर टीका झाली आणि ती रास्त होती. पाश्चात्त्य बाजूला कलाशाळांत शिकलेले, वादविवाद करणारे आधुनिक चित्रकार आणि शिल्पकार होते. दुसऱ्या बाजूला भर होता तो विधी, श्रद्धा आणि ग्रामीण परंपरा यांच्याशी नाव जोडलेल्या कलावंतांवर. मुंबई, बडोदा, दिल्लीत त्या काळी जोमाने काम करणारे आधुनिक चित्रकार त्या निवडीत बसत नव्हते. विचार आणि प्रयोग युरोपच्या वाट्याला आले, जादू इतरांच्या.

त्याआधी ४४ वर्षं याच भागातल्या माणसांचं अगदी उलटं चित्र सरकारदरबारी रंगवलं गेलं होतं. ऑक्टोबर १९४५ मध्ये पोलिसांना खबर मिळाली की हजारो वारली काठ्या-कोयते घेऊन जमत आहेत आणि ते हल्ला करणार आहेत. एका चित्रात निरागस जादूगार, दुसऱ्यात पिसाळलेला जमाव. दोन्ही चित्रांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. हा माणूस स्वतःचा हिशेब मांडून, नफा-तोटा पाहून, चर्चा करून काही ठरवत असेल, ही शक्यता दोन्हीकडे धरलेली नाही. वारल्यांविषयी गेली दोनशे वर्षं जे लिहिलं गेलं, त्यातला हा सर्वांत टिकाऊ समज आहे, आणि त्याचा सर्वांत जास्त राजकीय वापर झालेला आहे.

जेरुसलेममध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवणारे एडवर्ड सैद यांचं 'ओरिएंटॅलिझम' हे पुस्तक १९७८ साली आलं. युरोपने पूर्वेविषयी जमवलेलं ज्ञान आणि युरोपची पूर्वेवरची सत्ता एकमेकांच्या आधाराने कशी वाढली, हे त्यांनी प्रामुख्याने अरब जगाच्या संदर्भात दाखवलं. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा सैन्याबरोबर दीडशेहून अधिक विद्वान होते, हे त्यांचं गाजलेलं उदाहरण. पण डहाणूच्या वाचकाला सैद यांच्याहून जवळचा वाटेल असा लेखक त्याच्या आदल्या वर्षीच लिहून गेला होता. मलेशियाचे समाजशास्त्रज्ञ सय्यद हुसेन अलातास यांनी १९७७ मध्ये 'द मिथ ऑफ द लेझी नेटिव्ह' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. मलाया, जावा आणि फिलिपिन्समधला स्थानिक माणूस आळशी आहे, हे गोऱ्या अधिकाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी शेकडो वेळा लिहून ठेवलं होतं. अलातास यांनी त्यामागचं व्यवहारी कारण शोधलं. मलाय शेतकरी स्वतःची भातशेती आणि मासेमारी करत होता. मळ्यांवर आणि खाणींत पडेल त्या मजुरीवर राबायला तो तयार नव्हता. मालकाच्या उपयोगी न पडणारे कष्ट मालकाच्या वहीत कष्ट म्हणून चढलेच नाहीत.

सैद आणि अलातास यांनी सांगितलेली गोष्ट डहाणू-तलासरीत कशी घडली, ते टप्प्याटप्प्याने पाहता येतं. तिची सुरुवात एका पाद्र्यापासून होते.

डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ मध्ये मुंबईत आले. मुंबईचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. १८३० च्या दशकात त्यांनी दमण ते जव्हारच्या दरम्यानच्या जंगलपट्टीत फिरून वारल्यांशी बोलणं केलं आणि वारली व काथोडी या जमातींविषयीचा त्यांचा लेख १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. विल्सन माणूस म्हणून सहृदय होते आणि त्यांना मराठी उत्तम येत होती. मात्र त्यांचे प्रश्न धर्मपरीक्षेचे होते. कोणत्या देवाला भजता, त्याला रूप आहे का, दगड तुमचं भलं कसं करील, मेल्यावर कुठे जाता. वारल्यांनी वाघ्याचं नाव सांगितलं. शेंदूर लावलेला दगड, त्याला कोंबडं आणि नारळ, आणि बदल्यात वाघापासून रक्षण. दगडाच्या ठिकाणी दगडाशिवायही काही आहे, अशा अर्थाचं उत्तरही त्यांनी दिलं. कुठल्याही धर्मशास्त्र्याला विचारात पाडणारं ते उत्तर आहे. वाचकांपर्यंत मात्र पोचली ती अज्ञानी, धर्महीन, कोवळ्या मनाच्या लोकांची प्रतिमा, ज्यांना शिकवायला कुणीतरी बाहेरून यायला हवं.

वाघ्याचं काय झालं, हे इथेच सांगून टाकावं. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वन्यजीव अभ्यासकांनी वाघ्याच्या, म्हणजे वाघोबाच्या, सुमारे दीडशे ठाण्यांची नोंद केली आणि २०२१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांनी भीती, मान आणि देवाणघेवाण यांची जी घडी बसवली, ती आज जगभरच्या संवर्धनशास्त्रात आस्थेने वाचली जाते.

१८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर आलं. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखालचा हा ग्रंथ आजही अभ्यासकाला टाळता येत नाही. पिकं, बंदरं, घाट, बाजार, जाती यांची इतकी बारीक नोंद दुसरीकडे सापडत नाही. त्यात वारली 'आद्य जमातीं'च्या खान्यात पडले. पुढे जनगणनांनी त्यांच्या धर्मासाठी वेगळे खाने काढले, आणि १९२० च्या सुमारास आर. ई. एन्थोवेन यांनी मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींच्या तीन खंडांत त्यांना वर्णानुक्रमाने बसवलं. गॅझेटिअर हे मुळात कारभाराचं पुस्तक होतं. जमिनीवर सारा किती बसेल, जंगलातून लाकूड किती निघेल, दारूवर कर किती मिळेल, हे ज्या अधिकाऱ्याला ठरवायचं होतं त्याच्या टेबलावर ते असे. माणसांचं वर्णन आणि महसुलाचा आकडा एकाच पुठ्ठ्यात बांधलेले होते.

लाकडापासून सुरुवात करू. १८६० च्या दशकात मुंबईहून उत्तरेकडे जाणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वे या किनाऱ्याने धावू लागली. रुळांखाली स्लीपर हवेत, मुंबईच्या वाढत्या वस्तीला इमारती लाकूड हवं, कोळसा हवा. डहाणूचा साग आणि ऐन रेल्वेने सहज नेता येऊ लागला. १८७८ चा वन कायदा आला आणि जंगल राखीव आणि संरक्षित अशा वर्गांत वाटलं गेलं. त्याच काळात वनखात्याच्या लिखाणात जंगलाचा शत्रू म्हणून वारली, ठाकूर, काथोडी पुढे येतात. ते डोंगरउतारावर दळी जाळून नाचणी-वरई पेरतात, झाडांच्या फांद्या छाटून राब भाजतात, म्हणून जंगल नासतं, असा तो आरोप.

राब म्हणजे काय, हे कोकणातल्या भातशेतकऱ्याला सांगायला नको. ज्या तुकड्यात रोप टाकायचं तिथे उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, छाटलेल्या बारीक फांद्या आणि गवत यांचे थर देऊन वर मातीचा हात फिरवायचा आणि सगळं मंद जाळायचं. तणाचं बी आणि किडे मरतात, राख मिळते, आणि पहिल्या पावसात पेरलेलं रोप जोमाने उठतं. कुणबी, आगरी, वारली, सगळेच राब भाजत. फांद्या तोडण्यावर बंदी आली तेव्हा ओरड इतकी झाली की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. आयोगापुढे बाजू मांडायला शिकलेली माणसं आणि सधन खातेदार उभे राहू शकले. डोंगरातल्या वारल्याला वकील नव्हता. एकाच पद्धतीने शेती करणाऱ्या दोन शेतकऱ्यांपैकी ज्याच्यावर 'रानटी' असा शिक्का होता, त्याचा हक्क आधी गेला. दळी बंद झाल्यावर ज्यांच्याकडे सपाटीची जमीन नव्हती ते कुळ झाले, मजूर झाले, किंवा जंगलखात्याच्या मर्जीने लाकूडतोडीवर जाऊ लागले.

दारूची गोष्ट याहून वाईट आहे.

वारली दारुडा आहे, हे वाक्य इंग्रजी कागदपत्रांत जितक्या वेळा येतं तितकंच ते पुढे मराठी लिखाणातही येत राहिलं. वारली ताडी पितात आणि मोहाची दारू गाळत, यात खोटं काही नाही. लग्नात, सणात, मर्तिकात आणि देवाच्या कामात तिला जागा होती. पण १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती दारू गाळणं गुन्हा ठरवलं, ताडीच्या झाडांवर कर बसवला आणि विक्री मक्तेदारांच्या हाती दिली. १८९२ मध्ये मोहाविषयी वेगळा कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्या-साठवण्यावर निर्बंध आले. मोहाचं फूल फक्त दारूचं नसतं. वाळवलेली फुलं उन्हाळ्या-पावसाळ्याच्या टंचाईत शिजवून खाल्ली जातात आणि बियांचं तेल निघतं. दारू आवरण्याच्या नावाखाली गरिबाच्या कणगीतलं अन्न गेलं. दारू मात्र थांबली नाही. ती दुकानात गेली, महाग झाली आणि उधारीवर मिळू लागली. समाजशास्त्रज्ञ इंद्रा मुन्शी यांनी ठाणे जिल्ह्यातल्या दारूच्या इतिहासावर केलेल्या संशोधनातून ही साखळी स्पष्ट दिसते. मुंबई इलाख्याच्या तिजोरीत अबकारी हे उत्पन्नाचं एक मोठं खातं होतं. व्यसनी म्हणून ज्याला हिणवायचं त्याच्याच खिशातून हे खातं भरत होतं, आणि त्याच्या व्यसनाचं कारण सांगून त्याची जमीन सावकाराकडे कशी गेली याचा खुलासाही आयता मिळत होता.

आळशीपणाचा शिक्का समजून घ्यायचा तर पावसाळ्यातले काही दिवस डोळ्यांपुढे आणावे लागतात. भाताची आवणी वेळेवर व्हावी लागते. रोप तयार झालं, खाचरात पाणी उभं राहिलं की थोड्याच दिवसांत ते लावून व्हायला हवं; उशीर झाला की उतारा घटतो. नेमक्या त्या दिवसांत जमीनदाराचा माणूस पाड्यावर येई आणि नांगर-बैलासकट माणसं वेठीला नेई. मालकाची आवणी पुरी झाल्यावर वारल्याने स्वतःच्या किंवा खंडाने घेतलेल्या तुकड्यात उतरायचं. पीक कमी येई. खंड भरला की घरात दाणा उरत नसे. मग पावसाळ्यात खावटी म्हणून मालकाकडूनच धान्य उसनं, ते दीडपटीने-दुपटीने फेडायचं, आणि फेडता न आल्यास पुन्हा वेठ. लग्नासाठी कर्ज घेतलेला जवान तर बायकोसह मालकाचा लग्नगडी होई. कर्ज फिटेपर्यंत राबायचं, आणि हिशेब मालकाच्या वहीत असल्याने ते फिटत नसे. उन्हाळ्यात पाड्यावरून जाणारा अधिकारी पडीक शेत आणि बसलेली माणसं पाहून आळशी असं लिहून ठेवी. त्याने आवणीच्या दिवसांत येऊन पाहिलं असतं तर मालकाच्या शेतात वाकलेली हीच माणसं त्याला दिसली असती.

हे पाहणारा आणि लिहिणारा एक इंग्रज अधिकारी होता, हे इथे नमूद करायला हवं. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आल्यावर डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याकडे आदिवासी भागांच्या चौकशीचं काम देण्यात आलं. त्यांच्या अहवालात वेठ, लग्नगडी, मारहाण, स्त्रियांवरचे अत्याचार यांची नोंद सरकारी भाषेत पण निःसंदिग्धपणे आहे. परकी नजर म्हणजे नेहमी खोटी नजर असं मुळीच नाही. सिमिंग्टन यांनी मालक आणि मजूर यांच्यातला व्यवहार तपासला म्हणून त्यांना तो दिसला. स्वभाववर्णन करत बसले असते तर दिसला नसता.

त्याच दशकात दिल्ली आणि लंडनमध्ये याच मुलखाविषयी एक घटनात्मक निर्णय झाला होता. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात काही प्रदेश 'वगळलेले' आणि 'अंशतः वगळलेले' ठरवण्याची तरतूद आली. ब्रिटिश संसदेत एडवर्ड कॅडोगन यांनी ही यादी वाढवण्यासाठी जोर लावला. आदिवासींना भारतीय राजकारण्यांच्या हाती सोपवणं धोक्याचं आहे, त्यांना जपायला ब्रिटिश गव्हर्नरच हवा, असा त्या बाजूच्या युक्तिवादाचा गाभा. १९३६ च्या आदेशात मुंबई प्रांतातल्या अंशतः वगळलेल्या भागांत डहाणू आणि शहापूर तालुके, मोखाडा आणि उंबरगाव पेटे आले. आजच्या तलासरीचा मुलूख तेव्हा या उंबरगावातच मोडत होता. कायदेमंडळाने केलेला कायदा तिथे आपोआप लागू होणार नव्हता, गव्हर्नरने ठरवलं तरच. एका बाजूला देश स्वराज्य मागत होता आणि दुसऱ्या बाजूला 'ही लेकरं आमच्याशिवाय जगणार नाहीत' असं सांगून साम्राज्य आपल्या मुक्कामाचं कारण पुढे करत होतं. अमेरिकन लेखिका कॅथरीन मेयो यांच्या 'मदर इंडिया' या १९२७ च्या पुस्तकाने सबंध भारताबद्दल हेच केलं होतं. अस्वच्छता, बालविवाह, रोगराई यांचं वर्णन करून हे लोक स्वराज्याला नालायक आहेत, असा निष्कर्ष त्यांनी वाचकांच्या गळी उतरवला होता.

भारतीय विद्वानांची याला दोन उत्तरं होती, आणि दोन्हीत वारल्याला बोलायला जागा नव्हती. व्हेरिअर एल्विन हे जन्माने इंग्रज, मनाने भारतीय झालेले. त्यांनी मध्य प्रांतातल्या बैगांसारख्यांना बाहेरच्या शोषणापासून राखण्यासाठी वेगळं सुरक्षित क्षेत्र सुचवलं. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे, मालवणचे गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये त्यांचा कडाडून प्रतिवाद केला. त्यांच्या मते हे मागास राहिलेले हिंदूच होते आणि त्यांचं हित मुख्य समाजात मिसळण्यात होतं. दोघांच्या अभ्यासाविषयी आदर बाळगूनही म्हणावं लागतं, की पाड्यावरच्या वारल्याला त्या क्षणी आपण वेगळे की आपण हिंदू हा प्रश्न पडलेला नव्हता. त्याला वेठ बंद व्हायला हवी होती.

तो प्रश्न त्याने स्वतःच सोडवला. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र राज्य किसान सभेचं अधिवेशन झालं, त्याला उंबरगावचे काही वारली जाऊन आले. किसान सभेचे कार्यकर्ते गोदावरी आणि शामराव परुळेकर डहाणू-उंबरगावच्या पाड्यापाड्यांतून फिरू लागले. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य. २३ मे १९४५ रोजी झरी गावी परिषद भरली आणि हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, मार खायचा नाही, एवढं साधं ठरलं आणि ते पाळलं गेलं. काही आठवड्यांत पिढ्यांची वेठ आणि लग्नगडी पद्धत मोडून पडली. मग आली गवतकापणीच्या मजुरीची मागणी. मुंबईच्या गोठ्यांना जाणाऱ्या गवताला पाचशे पौंडामागे अडीच रुपये मिळावेत आणि इतर कामाला रोज बारा आणे. आकडा, वजन आणि दर असलेली ही मागणी होती. भोळ्या, लहरी, उद्याचा विचार न करणाऱ्या माणसाच्या प्रतिमेत ती बसत नव्हती.

म्हणून दुसरी प्रतिमा पुढे करण्यात आली. १० ऑक्टोबर १९४५ च्या आदल्या रात्री पाड्यापाड्यांत निरोप गेला की तलवाड्याला गोदावरीबाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी काठ्या घेऊन यावं. असा निरोप किसान सभेने दिलेलाच नव्हता. तो जमीनदारांनी पसरवला, असं गोदावरीबाईंनी नोंदवलं आहे. दुसरीकडे पोलिसांना कळवलं गेलं की वारली हल्ल्यासाठी एकत्र येत आहेत. हजारो माणसं मैदानात जमली आणि आपल्या नेत्याची वाट पाहत थांबली. पोलिसांनी गोळीबार केला, पुन्हा पुन्हा केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. लोक तरीही लगेच हलले नाहीत, कारण ज्या बाईला वाचवायला ते आले होते ती अजून आली नव्हती. पोलिसांनी त्या मैदानात जे पाहिलं, ते आधीच ऐकलेल्या वर्णनातून पाहिलं. वारली म्हणजे बिथरला की आवरत नाही, हे वर्णन शंभर वर्षं लिहिलं-वाचलं जात होतं. जमीनदारांना नवं काही रचावं लागलं नाही. अधिकाऱ्याच्या मनात जे आधीच होतं त्याला त्यांनी फक्त एक तारीख आणि जागा पुरवली.

पुढचा भाग मराठी वाचकाने अधिक बारकाईने वाचावा, कारण तिथे गोरा साहेब नाही. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात पुन्हा काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, गृहमंत्री मोरारजी देसाई. खेर यांनी स्वतः १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतलेला होता. आदिवासींविषयी त्यांना खरी कळकळ होती. तरीही वारल्यांच्या संपाकडे या सरकारने कम्युनिस्टांनी गरीब आदिवासींना चिथावल्याचं प्रकरण म्हणूनच पाहिलं आणि परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार केलं. नेत्याला हलवलं की आंदोलन विझेल हा हिशेब होता. नेते हद्दपार असतानाही संप चालू राहिला. वारली भोळा आहे असं एकदा मानलं की त्याची प्रत्येक मागणी दुसऱ्या कुणाची तरी ठरते, आणि मग मागणीला उत्तर देण्याची गरजच राहत नाही. इंग्रजांच्या दप्तरातली ही समजूत स्वराज्याच्या दप्तरात जशीच्या तशी आली. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये आलं आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी घरांत वारल्यांची दुसरी ओळख पोचली ती प्रामुख्याने त्या पुस्तकामुळे.

डहाणू भागातच आणखी एक काम शांतपणे चालू होतं. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं; अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, त्यांना शिक्षणाची गोडी नाही, ही तक्रार सर्वत्र होती. ताराबाईंनी मुलं दिवसभर कुठे असतात ते पाहिलं. लहानगी अंगणात होती, मोठी गुरांमागे कुरणात. म्हणून अंगणवाडी पाड्याच्या अंगणात भरली आणि कुरणशाळा कुरणात. माँटेसोरीचं तत्त्व इटलीतलं होतं. साहित्य म्हणून मात्र शंख-शिंपले, बिया, पानं आणि मातीची भांडी आली. पश्चिमेकडून आलेली कल्पना इथल्या माणसाकडे पाहून वापरली तर किती वेगळी फळं देते, याचं महाराष्ट्रातलं हे ठळक उदाहरण आहे.

आता पुन्हा चित्रांकडे. वारली चित्रकला अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीपासून, किंबहुना त्याहूनही आधीपासून जशीच्या तशी चालत आली आहे, असं पर्यटनाच्या माहितीपत्रकांत आणि विक्रीच्या लेबलांवर छापलेलं असतं. याला आधार म्हणून गुहाचित्रांशी असलेलं साम्य दाखवलं जातं. कुडाच्या भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने काढलेलं चित्र काही पावसाळ्यांत पुसून जातं, त्यामुळे जुनं चित्र पुरावा म्हणून मागे उरण्याचा प्रश्नच नाही. जे ठाऊक आहे ते असं. लग्नात सवाशिणी चौक लिहीत, मध्ये पालघट देवी असे, धवलेरी गाणी म्हणून लग्न लावी. चित्र त्या विधीचा भाग होतं आणि ते बायकांच्या हातचं होतं. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि जिव्या म्हसे यांच्यासारखे पुरुष रोज, विधीशिवाय, स्वतःच्या मनातलं चित्र काढू लागले. म्हसे यांनी रेषेला जी थरथर आणि गती दिली, माशांच्या जाळ्याने अख्खा कॅनव्हास व्यापण्याची जी रीत काढली, ती एका विशिष्ट माणसाची, विसाव्या शतकातली निर्मिती आहे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. हजारो वर्षं न बदललेली कला म्हणून तिचं कौतुक करताना त्यांच्या प्रतिभेचं श्रेय आपण त्यांच्याकडून काढून घेतो, आणि विधीत चौक लिहिणाऱ्या बायकांचंही.

या कौतुकाचाही राजकीय उपयोग होतो. सरकारी इमारती, विमानतळ, पूल, हॉटेलं यांवर तारपा नाचाचं वर्तुळ दिसतं. त्या वर्तुळातली माणसं आनंदी असतात. ती कधी वनपट्टा मागत नाहीत. गंजाडचेच राजेश वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्यासोबत २०१३ पासून जे काम केलं ते या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. गिल यांनी गावाच्या परिसराची छायाचित्रं काढली. वांगड यांनी सांगितलेलं पुष्कळसं त्यांत दिसेना. मग वांगड यांनी त्या छायाचित्रांवरच काळ्या शाईने रेखाटलं: देव, गोष्टी, तुटलेलं जंगल, दुष्काळ, वाढतं शहर. 'फील्ड्स ऑफ साइट' ही मालिका जगभर गेली. डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने वारली चित्रकलेसाठी भौगोलिक निर्देशांक मिळवला, हेही त्याच वाटेवरचं पाऊल. आपलं चित्र कोण काढणार आणि विकणार, यावर त्यांनी कायद्याने हक्क सांगितला.

स्वातंत्र्यानंतर 'अंशतः वगळलेल्या' मुलखाची जागा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने घेतली. ज्या तरतुदीचं मूळ 'या लेकरांना जपायला हवं' अशा समजुतीत होतं, तीच आज डहाणू-तलासरीच्या लोकांची मोठी ढाल आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे सहजी जाऊ न देणारे कायदे आणि अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा या भागात लागू आहेत. साम्राज्याने आपल्या सोयीसाठी आखलेली रेघ लोकांनी आपल्या कामाला लावली, आणि तिचं मूळ दूषित होतं म्हणून ती पुसून टाका असं म्हणणं अन्यायाचं होईल. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर प्रास्ताविकातच आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली दिली. त्या कायद्याची अंमलबजावणी मागत मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत मोर्चा आला. त्यात ठाणे-पालघरचे आदिवासी होते. रक्ताळलेले पाय घेऊन आलेल्या त्या माणसांच्या मागे शहरी माओवाद असल्याचं विधान सत्ताधारी पक्षाच्या एका खासदारांनी केलं. १९४६ च्या सरकारी भूमिकेपासून हे फार दूर नव्हतं.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत तलासरी तालुक्यातल्या दहापैकी नऊ माणसं अनुसूचित जमातींतली होती, डहाणूत जवळपास सात. बुलेट ट्रेनचा मार्ग या तालुक्यांतून जातो, वाढवणला ७६ हजार कोटींहून मोठ्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. जमीन, जंगल आणि समुद्र यांविषयीचे वाद पुढची अनेक वर्षं चालतील, आणि त्यांत कुठली बाजू बरोबर यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. त्या बातम्या वाचताना भडकवलेले आदिवासी, दिशाभूल झालेले ग्रामस्थ असे शब्द येतील. तेव्हा वाचकाने एक करावं. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी सल्लामसलत करण्याची तरतूद पेसा कायद्यात आहे. ग्रामसभेचा ठराव लेखी असतो आणि मराठीत असतो. लोक काय म्हणत आहेत हे दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी तो ठराव मिळवून वाचावा.